अनुदान मिळालं, पण संस्था जगणार कशी?

एखाद्या नाट्यसंस्थेला देणगी द्यायची वेळ आली की आपण एक प्रश्न हमखास विचारतो : माझ्या शंभर रुपयांतले प्रत्यक्ष नाटकावर किती जाणार? उत्तर 'पंच्याण्णव' आलं की बरं वाटतं. 'पंच्याहत्तर' आलं की कपाळावर आठी पडते. उरलेले पंचवीस कुणाच्या खिशात गेले, अशी शंका येते.

प्रश्न प्रामाणिक आहे, पण तो चुकीची गोष्ट मोजतो. हे नेमकं मांडणारा एक लेख २००९ साली 'स्टॅनफर्ड सोशल इनोव्हेशन रिव्ह्यू' या त्रैमासिकात आला. लेखक ॲन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड. शीर्षक होतं 'द नॉनप्रॉफिट स्टार्व्हेशन सायकल', म्हणजे ना-नफा संस्थांच्या उपासमारीचं चक्र. निधी देण्याघेण्याच्या चर्चेत हा लेख आजही सारखा पुढे केला जातो. आज तो समजून घेऊ. आणि तो नाटक, संगीत, नृत्य अशा संस्थांना लावला की कुठे अपुरा पडतो, तेही पाहू. माझ्या मते तो एका महत्त्वाच्या जागी अपुरा पडतो.

लेख काय म्हणतो

चक्राचे टप्पे तीन. पहिला : संस्थेला चालायला किती पैसा लागतो याबद्दल देणगीदाराच्या अपेक्षा अवास्तव असतात. दुसरा : त्या अपेक्षेत बसायचं म्हणून संस्था दबावाखाली येतात. तिसरा : मग संस्था भाडं, हिशेब, संगणक, प्रशिक्षण यांवर कमी खर्च करतात, आणि जो करतात तोही अहवालात कमी दाखवतात. हे कमी आकडे पाहून देणगीदाराला वाटतं की एवढ्यात भागतंय. पुढच्या वर्षी त्याची अपेक्षा आणखी खाली येते आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

पुरावा म्हणून लेखकांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीचा आधार घेतला. तिथल्या ना-नफा संस्था आयकर खात्याला दरवर्षी जे विवरणपत्र देतात, तशी दोन लाखांहून जास्त पत्रं त्या पाहणीत तपासली होती. एक तृतीयांशाहून जास्त संस्थांनी निधी-संकलनाचा खर्च चक्क शून्य दाखवला होता. आठातल्या एका संस्थेनं व्यवस्थापनाचा खर्चही शून्य दाखवला होता.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे वाचून पहिली शंका यंत्राचीच येते. शंभर नमुने तपासले आणि पस्तीस वेळा काटा शून्यावरच राहिला, तर आपण 'वा, किती शुद्ध नमुने' म्हणत नाही, यंत्र तपासायला घेतो. देणगी मागायला कुणीतरी फोन करतं, अर्ज लिहितं, पावती फाडतं. हा खर्च शून्य असूच शकत नाही.

लेखकांनी चार नावाजलेल्या संस्थांचे हिशेब जवळून पाहिले. त्यांनी दाखवलेला वरखर्च, म्हणजे ओव्हरहेड, १३ ते २२ टक्के होता. प्रत्यक्षात तो १७ ते ३५ टक्के निघाला.

इथेच दोन मर्यादा सांगायला हव्यात. चार संस्था म्हणजे फारच लहान नमुना. दुसरं, लेखक स्वतः अशा संस्थांना सल्ला देणाऱ्या 'ब्रिजस्पॅन ग्रुप'चे. संस्थांनी व्यवस्थापनावर जास्त खर्च करावा, असं त्यांना वाटणं स्वाभाविक आहे. म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण '१७ ते ३५' हा जणू निसर्गनियम असल्यासारखा वापरणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

एक हिशेब करून बघू

समजा, जिल्ह्याच्या गावातली एक प्रायोगिक नाट्यसंस्था आहे. आकडे मी सोयीसाठी घेतलेत.

वर्षाचा कायमचा खर्च असा : तालमीच्या खोलीचं भाडं महिना १५,०००, एका व्यवस्थापकाचं मानधन २०,०००, नेपथ्याचं सामान ठेवायचं गोडाऊन ५,०००, आणि वीज, इंटरनेट, ऑडिट धरून महिना ५,०००. एकूण महिना ४५,०००, म्हणजे वर्षाला ५ लाख ४० हजार. नाटक होवो न होवो, हा खर्च आहेच.

आता संस्थेला १० लाखांचं एक प्रकल्प-अनुदान मिळतं. अट अशी की प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. म्हणजे साडेनऊ लाख नाटकाला, ५० हजार संस्थेला. अशी दोन अनुदानं मिळाली तर संस्थेच्या हातात १ लाख येतात. गरज ५ लाख ४० हजारांची. उरलेले ४ लाख ४० हजार तिकीटविक्री, शिबिरं आणि हितचिंतकांच्या चेकमधून उभे करायचे.

मग तिसरं अनुदान मिळतं. पेढे वाटले जातात. पण तीन अनुदानांचे तीन वेगळे हिशेब, तीन वेगळे अहवाल, तीन वेगळी उपयोगिता प्रमाणपत्रं. अर्धवेळ हिशेबनीस ठेवावाच लागतो. महिना १०,००० धरले तरी वर्षाला १ लाख २० हजार झाले. अनुदानातून संस्थेला आले ५० हजार. म्हणजे तिसरं अनुदान मिळाल्यामुळे संस्था ७० हजारांनी आणखी खड्ड्यात गेली.

अजून एक भानगड आहे. अनुदान एकदम मिळत नाही, हप्त्यानं मिळतं. समजा ५०, ३० आणि २० टक्के असे तीन हप्ते आहेत. शेवटचा हप्ता काम पूर्ण झाल्यावर, सीएनं तपासलेला हिशेब सादर केल्यावर. म्हणजे प्रत्येक प्रकल्पात २ लाख आधी स्वतःचे घालायचे आणि मग वाट बघायची. तीन प्रकल्पांचे झाले ६ लाख. ताळेबंदात ते 'येणे' म्हणून छान दिसतात, पण टेम्पोवाल्याला आणि नाट्यगृहाच्या बुकिंग खिडकीवर 'येणे' देता येत नाही. तिथे रोकडच लागते. ती कुणाच्या तरी घरातून येते, कधी कधी दागिन्यांवर कर्ज काढूनही.

आता गंमत बघा. देणगीदारांना गेलेल्या तिन्ही अहवालांत प्रशासकीय खर्च ५ टक्के आहे. खरा किती? कायमचे ५ लाख ४० हजार आणि हिशेबनिसाचे १ लाख २० हजार मिळून ६ लाख ६० हजार. एकूण खर्च ३५ लाख १० हजार. म्हणजे जवळपास १९ टक्के. कुणी चोरी केली नाही, कुणी उधळपट्टी केली नाही. तरी कागद ५ म्हणतो आणि वस्तुस्थिती १९ म्हणते. इथवर २००९ च्या लेखाशी माझं पूर्ण एकमत आहे.

लेखाचं कुठे अडतं

लेखातली उपाशी संस्था कशी दिसते? जुने संगणक, प्रशिक्षण न मिळालेले कर्मचारी. म्हणजे भूक संस्थेच्या पायाभूत सोयींत दिसते. समाजसेवेच्या संस्थांबाबत हे बरोबर असेल. कलासंस्थेत मात्र भूक वेगळ्या ठिकाणी जाते, आणि ते समजायला आणखी जुनं संशोधन बघावं लागतं.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांचं 'परफॉर्मिंग आर्ट्स : द इकॉनॉमिक डिलेमा' हे पुस्तक १९६६ साली आलं. त्यांचा मुद्दा साधा आहे. कारखान्यात यंत्रं सुधारतात, एका कामगाराच्या तासाभरात जास्त माल निघतो, म्हणून पगार वाढला तरी मालाची किंमत तेवढी वाढत नाही. प्रयोगकलेत ही सोय नाही. आठ पात्रांचं नाटक ४० तालमींत, रोज तीन तास धरून बसवलं, तर ९६० माणूस-तास लागतात. पन्नास वर्षांपूर्वी तेवढेच लागायचे, आजही तेवढेच लागतात. 'यंदा कार्यक्षमता वाढवून पाच पात्रांत उरकू' असं म्हणता येत नाही. म्हटलं तर ते वेगळं नाटक होतं. बाकी समाजाची मजुरी वाढत जाते, तसा नाटकाचा खर्चही वाढत जातो, आणि तिकीट त्या वेगानं वाढवलं तर प्रेक्षक तुटतो. म्हणून तूट वाढत राहते. यात व्यवस्थापनाचा दोष नसतो. नाटक हे कामच तसं आहे.

आता ही दोन संशोधनं एकत्र ठेवा. खर्च दरवर्षी वाढणार, आणि तो दाखवायची मात्र मुभा नाही. मग तूट भरतं कोण? ९६० तासांना ताशी फक्त १५० रुपये धरले, तरी १ लाख ४४ हजार होतात. प्रायोगिक नाटकाच्या किती अंदाजपत्रकांत तालमीच्या तासांचे पैसे दिसतात? प्रयोगाची 'नाइट' दिसते, तीही नाममात्र. तालीम फुकट. उपासमार संस्थेची होते असं लेख म्हणतो. प्रत्यक्षात संस्था कशीबशी तगते आणि उपास नट, तंत्रज्ञ, बॅकस्टेजची पोरं करतात. हे टक्केवारीत दिसणारच नाही, कारण जो खर्च कुणी दिलाच नाही तो ना 'कार्यक्रमा'त मोजला जातो ना 'प्रशासना'त.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. पुण्याची थिएटर ॲकॅडमी १९७३ साली उभी राहिली. 'घाशीराम कोतवाल' तिनं देशात आणि देशाबाहेर नेलं. १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं तिनं नव्या नाटककारांसाठी आणि प्रादेशिक नाट्यसंस्थांसाठी योजना राबवल्या. अनुदान चांगलं वापरण्याचं हे उदाहरण म्हणता येईल. पण ती संस्था चालवणारी माणसं बघा. सतीश आळेकर बीजे मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचं काम करत होते. मोहन आगाशे त्याच कॉलेजात मानसोपचारतज्ज्ञ. जब्बार पटेल डॉक्टर. म्हणजे घर चालवणारा पैसा नाटकाबाहेरून येत होता. मराठी प्रायोगिक रंगभूमीवर अशीच कितीतरी माणसं बँकेत, विमा कंपनीत, सरकारी कचेरीत आणि कॉलेजात नोकरी करून संध्याकाळी तालमीला येत. त्यांच्या त्या पगारानं रंगभूमीला जे दिलं, ते कुठल्याही ताळेबंदात 'अनुदान' म्हणून लिहिलेलं नाही.

ही व्यवस्था वाईट होती असं मी म्हणत नाही. तिनं उत्तम नाटकं दिली. पण ती पाच वाजता सुटणाऱ्या, कायमच्या नोकरीवर उभी होती. आज नाटक करणारी पंचविशीतली मुलगी एका कंत्राटातून दुसऱ्या कंत्राटात जाते, आठवड्यातून तीन दिवस कुठे तरी शिकवते, रात्री डबिंग करते. तिच्याकडून त्याच फुकटच्या ९६० तासांची अपेक्षा ठेवायची, तर नाटक फक्त ज्यांच्या घरचं बरं आहे त्यांचंच राहील. या सगळ्या हिशेबात मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

आपले नियम काय म्हणतात

लेखाचा उपाय असा : चक्र तोडण्याची सुरुवात निधी देणाऱ्यांनी करावी, कारण ताकद त्यांच्या हातात आहे. पटतं. पण आपल्याकडे मामला नुसत्या सद्भावनेचा नाही, कायद्याचाही आहे.

परदेशी निधीबद्दलच्या एफसीआरए कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, आणि एका संस्थेनं घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी आली. म्हणजे मोठ्या शहरातल्या संस्थेनं परदेशी अनुदान घेऊन त्यातला वाटा सोलापूर-परभणीच्या छोट्या गटाला द्यायचा, हा मार्ग बंद झाला.

कंपन्यांच्या सीएसआरबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे. काम करणाऱ्या संस्थेनं त्या प्रकल्पासाठी थेट केलेला खर्च त्यात धरलेला नाही. तरी हा आकडा संस्थेच्या अंदाजपत्रकावर चिकटवला जातो. असं झालं तर संस्थेनं नम्रपणे नियम दाखवावा. कला आणि संस्कृती हा विषय कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलेला आहे, त्यामुळे आपण काही उपकार मागत नाही.

दुसरा गैरसमज संस्थांचा स्वतःचा : 'ट्रस्टला शिल्लक ठेवता येत नाही.' ठेवता येते. आयकरातली सूट टिकवायला वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करावा लागतो, पण १५ टक्क्यांपर्यंत शिल्लक राहिली तर चालते. त्याहून जास्त रक्कम ठरावीक कामासाठी, रीतसर अर्ज भरून, पाच वर्षांपर्यंत साठवता येते. देणगीदारानं लेखी सांगून कायम निधीसाठी दिलेली रक्कम वेगळीच धरली जाते. बांधील अनुदानातून अर्थातच साठवायचं नाही. पण स्वतःच्या कमाईतून राखीव निधी उभा करायला कायदा आडवा येत नाही.

केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची गुरू-शिष्य परंपरेची योजना इथे लक्षात घेण्यासारखी आहे. गुरूला दरमहा १५,००० आणि शिष्याला वयानुसार २,००० ते १०,००० रुपये, जास्तीत जास्त १८ शिष्य, असं तिचं स्वरूप आहे. रक्कम मोठी नाही. पण ती माणसाच्या नावानं मिळते, आणि माणसाचा वेळ हाच कलेचा खर्च आहे हे ती मान्य करते.

तुलनेसाठी विज्ञानाकडे बघा. संशोधन-प्रकल्पाच्या मंजुरीत 'ओव्हरहेड' हा वेगळा रकाना असतो. तो पैसा संस्थेला जातो : वीज, ग्रंथालय, लेखा विभाग. किती असावा यावर भांडणं होतात, असावा की नाही यावर होत नाहीत. अमेरिकेत तर केंद्रीय अनुदान घेणाऱ्या ज्या संस्थेचा स्वतंत्र दर ठरलेला नाही, तिला वरखर्चापोटी सरसकट १० टक्के मागता यायचे. ऑक्टोबर २०२४ पासून ते १५ झाले. सूक्ष्मदर्शकाला लागणारी वीज खरी आणि तालमीच्या खोलीतली वीज चैनीची, असं तर नाही ना?

मग नुसता जास्त पैसा दिला की झालं?

नाही, आणि याचंही उदाहरण आहे. १९६६ सालीच, म्हणजे बॉमोल-बोवेनचं पुस्तक आलं त्याच वर्षी, फोर्ड फाउंडेशननं अमेरिकेतल्या ६१ वाद्यवृंदांना मिळून ८ कोटी डॉलरहून जास्त रक्कम जाहीर केली. बराचसा भाग कायम निधीसाठी होता. वादकांचे पगार वाढावेत, हंगाम लांबावा, हा एक हेतू होता, आणि तो साधलाही. वादकांचं भलं झालं. पण वाढलेला पगार आणि लांबलेला हंगाम हा दरवर्षीचा खर्च झाला, आणि तूट काही संपली नाही. कायमचा खर्च वाढवणारा प्रत्येक निर्णय पुढच्या दहा वर्षांचं बिल घेऊन येतो. छोट्या संस्थांनी तीन वर्षांच्या अनुदानावर जागा भाड्यानं घेताना हे लक्षात ठेवावं.

देणगीदाराची शंका निराधार आहे असंही नाही. विश्वस्त संस्थांच्या नावाखाली पैसा खाल्ला जातो, हे आपण सगळेच जाणतो. वरखर्चाची टक्केवारी ही निदान एक स्वस्त चाळणी आहे, असं कुणी म्हणेल. पण ही चाळणी भामट्याला अडवत नाही. तो आकडा हवा तसा लिहितो. अडतो तो खरं लिहिणारा.

म्हणून पुढच्या वेळी देणगी देताना टक्केवारीऐवजी तीन गोष्टी विचारा. एक : उद्या सगळं अनुदान थांबलं, तर अटी नसलेल्या शिलकीवर संस्था किती महिने चालेल? आपल्या काल्पनिक संस्थेचा कायमचा खर्च आता महिना ५५ हजार आहे. तिच्याकडे मोकळे १ लाख १० हजार असतील तर उत्तर आहे दोन महिने. दोन : किती रक्कम 'येणे' म्हणून अडकली आहे, आणि तोवर खर्च कोण भागवतंय? तीन : तालमीच्या तासांचे पैसे कुणाला मिळतात, आणि मिळत नसतील तर त्या तासांची नोंद तरी होते का? संस्थांनीही हे तीन आकडे वार्षिक अहवालात स्वतःहून छापावेत. फुकट मिळालेल्या श्रमांची किंमत निदान तळटीप म्हणून लिहावी. आणि खर्च भागत नसलेलं अनुदान नाकारण्याचा ठराव कार्यकारिणीत एकदा तरी चर्चेला घ्यावा.

आणि तुमच्याकडे द्यायला पाच हजारच असतील, तर ते 'नव्या नाटकासाठी' असं न लिहिता 'संस्थेला गरज असेल तिथे' असं लिहून द्या. नव्या नाटकाच्या पोस्टरवर तुमचं नाव कदाचित येणार नाही. पण त्या महिन्याचं तालमीच्या खोलीचं भाडं वेळेवर जाईल.